जंगलातल्या मातीत रोधक जीवाणू सापडले, तर त्याचा अर्थ काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुम्ही दोन ठिकाणचे नमुने घेतलेत : माणसांची फारशी ये-जा नसलेल्या जंगलातली माती आणि शहराचं सांडपाणी मिसळल्यानंतरचं नदीचं पाणी. दोन्हींतून जीवाणू वेगळे करून डिस्क टेस्ट लावलीत, म्हणजे जीवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवून भोवती वाढ थांबते का ते बघितलंत. मातीतले बहुतेक जीवाणू अँपिसिलिनला दाद देत नाहीत, काही तर पाच-सहा औषधांना पुरून उरतात. नदीतले त्या मानाने कमी रोधक निघाले. मग जंगल नदीपेक्षा जास्त दूषित आहे असं लिहायचं का? आणि प्रतिरोध मुळातच निसर्गात असेल, तर त्याची एवढी काळजी कशासाठी?

तुमच्या प्लेटवर जे दिसलं ते बहुधा खरं आहे. त्यावरून ‘जंगल दूषित’ असं लिहिलंत तर ते साफ चुकेल, आणि ‘म्हणजे काळजीचं कारण नाही’ असं लिहिलंत तर ते त्याहून मोठं चुकेल. मातीत प्रतिरोध असणं ही बातमीच नाही. तो कोणत्या जीवाणूत आहे, त्याचं जनुक कुठे बसलं आहे, ते तिथून हलू शकतं का आणि हललं तर माणसापर्यंत पोचायला त्याला वाट आहे का, इथून पुढे खरा अभ्यास सुरू होतो. डिस्क टेस्ट यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

आधी माती. आपण वापरतो त्यातली बरीचशी प्रतिजैविकं मातीतल्याच जीवांनी बनवलेली आहेत. पहिला पाऊस पडल्यावर मातीचा जो वास येतो तो ज्यांच्यामुळे येतो, त्याच स्ट्रेप्टोमायसीस कुळातल्या एका जीवाणूपासून १९४३ मध्ये अल्बर्ट शाट्झ यांनी सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. आता जो जीवाणू असं विष तयार करतो, त्याला सगळ्यात आधी स्वतःला वाचवावं लागतं. म्हणून प्रतिजैविक बनवणाऱ्या जनुकांच्या शेजारीच बहुतेक वेळा त्यापासून बचाव करणारं जनुकही असतं. शेजारी राहणाऱ्या इतर जीवाणूंनाही बचावाची सोय करावी लागते. हा खेळ कोट्यवधी वर्षं चालू आहे. १९७३ मध्ये बेन्व्हेनिस्टे आणि डेव्हिस यांनी दाखवून दिलं की स्ट्रेप्टोमायसीसमध्ये प्रतिजैविकाला निकामी करणारी जी एन्झाइम्स आहेत, तशीच एन्झाइम्स रुग्णांकडून मिळालेल्या रोधक जीवाणूंतही आहेत.

तुमच्या निकालाशी थेट ताडून बघता येईल असं काम २००६ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आलं. जेरार्ड राइट यांच्या गटाने वेगवेगळ्या ठिकाणच्या मातीतून स्ट्रेप्टोमायसीससारखे ४८० जीवाणू घेतले आणि २१ प्रतिजैविकांसमोर ठेवले. प्रत्येक जीवाणू एकाहून जास्त औषधांना रोधक निघाला. सरासरी सात-आठ औषधं, आणि दोन जीवाणू तर २१ पैकी १५ औषधांना. तेव्हा तुमच्या जंगलातले पाच-सहा औषधं पचवणारे जीवाणू हे मातीतलं रोजचंच चित्र आहे.

हे सगळं आपल्या औषधांचे अंश जंगलात पोचल्यामुळे झालं असेल का? २०११ मध्ये त्याच संस्थेतल्या संशोधकांनी कॅनडाच्या युकॉन भागातल्या, ३०,००० वर्षं गोठून राहिलेल्या जमिनीतून डीएनए काढला. त्यात बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनचा गट), टेट्रासायक्लिन आणि व्हॅन्कोमायसिन या तिन्हींना रोध करणारी जनुकं मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या लेचुगिया गुहेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही गुहा ४० लाखांहून अधिक वर्षं पृष्ठभागापासून तुटलेली होती. तिच्या आतल्या भिंतींवरच्या काही जीवाणूंनी बाजारात मिळणाऱ्या १४ प्रतिजैविकांना दाद दिली नाही. तिथे ना कारखाना पोचला होता, ना दवाखाना.

इतकं लांब जायलाही नको. एब्रहॅम आणि चेन यांनी पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम १९४० मध्येच नोंदवलं होतं, आणि पेनिसिलिनने पहिल्या गंभीर रुग्णावर उपचार झाले ते त्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये.

मला स्वतःला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते हेजहॉगचं उदाहरण. हेजहॉग हा युरोपात आढळणारा छोटा काटेरी प्राणी. त्याच्या कातडीवर एक बुरशी राहते आणि ती बीटा-लॅक्टम गटातली प्रतिजैविकं तयार करते. त्याच कातडीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणूही राहतो. बुरशीच्या शेजारात टिकायचं तर रोध हवाच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनुकक्रमांवरून दिसलं की मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचा एक विशिष्ट प्रकार या प्राण्यांवर १८०० च्या सुरुवातीच्या दशकांतच तयार झाला असावा. मेथिसिलिन वापरात आलं १९५९ च्या सुमारास. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या हेजहॉगांपैकी ६० टक्क्यांपर्यंत प्राण्यांच्या अंगावर हा प्रकार सापडतो. रोध तयार होण्यासाठी जे जे लागतं ते सगळं एका छोट्या प्राण्याच्या पाठीवर हजर होतं, माणसाच्या कुठल्याही सहभागाशिवाय.

मग काळजी कशाची, हा तुमचा दुसरा प्रश्न. याचं मला पटलेलं सगळ्यात भक्कम उत्तर एका जुन्या संग्रहातून आलं. ई. जी. डी. मरे या जीवाणूतज्ज्ञाने १९१७ ते १९५४ या काळात, म्हणजे बहुतांशी प्रतिजैविकांचा सर्रास वापर सुरू होण्याआधी, रोगकारक जीवाणू जमवून ठेवले होते. ह्यूज आणि दत्ता यांनी १९८३ मध्ये ते तपासले. जवळपास पाव जीवाणूंमध्ये एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाणारे प्लास्मिड, म्हणजे रंगसूत्राबाहेरची डीएनएची छोटी वर्तुळं, होते. पण त्या प्लास्मिडांवर प्रतिजैविकांना रोध करणारी जनुकं नव्हती. मालगाड्या त्या काळीही या गावाहून त्या गावाला धावतच होत्या, फक्त हा माल त्यांत चढलेला नव्हता. त्यानंतरच्या काही दशकांत तोच माल त्याच जातीच्या गाड्यांत भरला गेला, आणि आज रुग्णालयांतल्या जीवाणूंत एकाच प्लास्मिडवर पाच-सहा औषधांचा रोध एकत्र सापडणं नेहमीचं झालं आहे.

म्हणजे आपण प्रतिरोध निर्माण केला नाही, आपण त्याला मातीतून उचलून प्रवासाला लावलं. नैसर्गिक असणं आणि निरुपद्रवी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा प्रवास होतो कसा, ते एका उदाहरणावर जरा थांबून बघू, कारण सगळं मर्म तिथे आहे. क्लुयव्हेरा हा माती-पाण्यात राहणारा, तसा साधा जीवाणू. माणसाला तो क्वचितच त्रास देतो. त्याच्या रंगसूत्रावर बीटा-लॅक्टमेजचं, म्हणजे बीटा-लॅक्टम औषधं फोडणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक आहे. क्लुयव्हेरात ते मंदपणे चालतं, एन्झाइम थोडंसंच बनतं, त्यामुळे रोधही जेमतेम. कधीतरी या जनुकाच्या अलीकडे एक उडतं मूलद्रव्य येऊन बसलं. मूलद्रव्य म्हणजे इथे डीएनएचा असा छोटा तुकडा, जो स्वतःची जागा बदलू शकतो आणि जाताना शेजारचा भागही सोबत नेऊ शकतो. त्याने दोन कामं केली. जनुकाला रंगसूत्रावरून उचलून प्लास्मिडवर नेलं, आणि स्वतःकडचा जोरकस प्रवर्तक (जनुक किती जोरात चालेल हे ठरवणारा डीएनएचा भाग) त्याच्या मागे लावला. मंद चालणारं जनुक एकदम धडाक्यात एन्झाइम बनवू लागलं. तो प्लास्मिड ई. कोलायमध्ये गेला, क्लेबसिएलामध्ये गेला. आज सेफोटॅक्झिमसारख्या औषधांना जगभर निष्प्रभ करणारी सीटीएक्स-एम नावाची एन्झाइम्स ती हीच. जनुक तेच होतं, फक्त त्याचा पत्ता बदलला आणि त्यामागचा जोर बदलला.

असंच पाण्यातल्या शेवानेला जीवाणूंचं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांपासून बचाव करणारी क्यूएनआर-ए ही जनुकं आणि कार्बापेनेम गटातली प्रतिजैविकं फोडणारं ओएक्सए-४८ हे एन्झाइम या दोन्हींचा उगम शेवानेलाच्या रंगसूत्रापर्यंत नेऊन दाखवता आला आहे.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. अशा उड्या फार क्वचित यशस्वी होतात. मातीत रोध देऊ शकणारी जनुकं अगणित आहेत, त्यांतली रुग्णांच्या जीवाणूंत येऊन ठाण मांडणारी मोजकीच. उडी मारायला फिरतं मूलद्रव्य हवं, मातीतला जीवाणू आणि माणसाच्या आतड्यातला जीवाणू एकमेकांजवळ यायला हवेत, त्या जागी औषधाचा दाब हवा, आणि नवीन जनुक घेतलेला जीवाणू पुन्हा माणसात शिरायला हवा. तुमच्या जंगलात यातली पहिली गोष्ट थोडीफार असेल, बाकीच्या जवळजवळ नाहीत. नदीत चारही असू शकतात. म्हणून कमी रोधक दिसणारी ती नदीच मला जास्त अस्वस्थ करते.

आता तुमच्या प्रयोगाकडे. इथे मी सविस्तर लिहितो, कारण असे शेकडो प्रकल्प होतात आणि त्यांतले बहुतेक याच ठिकाणी घसरतात.

डिस्कभोवतीचं मोकळं वर्तुळ किती मिलिमीटरचं असलं की जीवाणू रोधक म्हणायचा, याचे तक्ते रुग्णांवरील उपचारांसाठी बनवलेले आहेत. ते ठराविक रोगकारक जीवाणूंसाठी, म्युलर-हिंटन अगार या जेलीसारख्या माध्यमावर, ३५ अंशांच्या आसपास, १६ ते १८ तासांच्या वाढीसाठी आहेत. औषध अगारमध्ये पसरत असतं आणि त्याच वेळी जीवाणू वाढत असतो. वर्तुळाची कड म्हणजे या शर्यतीचा निकाल. तुमचा मातीतला जीवाणू २८ अंशांवर दोन-तीन दिवसांनी कुठे नीट दिसू लागतो. तो सावकाश वाढतो, म्हणून औषधाला पसरायला जास्त वेळ मिळतो आणि वर्तुळ मोठं येतं. दुसरीकडे, प्लेट इतके दिवस ठेवल्यावर अँपिसिलिनसारखं नाजूक औषध स्वतःच विघटित होतं आणि कडेने वाढ आत सरकते. चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते. त्या तक्त्याशी तुलना करून ‘रोधक’ किंवा ‘संवेदनशील’ असा शिक्का मारणं म्हणूनच योग्य नाही. मिलिमीटर लिहा, वाढीचा काळ आणि तापमान लिहा, शिक्का मारू नका.

दुसरी गोष्ट, कोणता जीवाणू आहे हे ओळखल्याशिवाय रोध मोजण्यात अर्थ नाही. स्युडोमोनास एरुजिनोसा मुळातच अँपिसिलिनला दाद देत नाही. बॅसिलस सेरियसजवळ पेनिसिलिन फोडणारी एन्झाइम्स जन्मजात असतात. स्टेनोट्रोफोमोनास मॅल्टोफिलियाजवळ कार्बापेनेम फोडणारं एन्झाइम त्याच्या रंगसूत्रावरच आहे. ग्रॅम-ऋण जीवाणूंसमोर व्हॅन्कोमायसिनची डिस्क ठेवणं तर व्यर्थ, कारण तो मोठा रेणू त्यांच्या बाहेरच्या पटलातून आत जातच नाही. हा स्वाभाविक रोध आहे. तो त्या जातीच्या घडणीचाच भाग असतो आणि सहसा दुसऱ्याला देता येत नाही. तुमच्या मातीतल्या ‘रोधक’ जीवाणूंपैकी किती जण या यादीत बसतात ते, जीवाणूची ओळख पटवणाऱ्या १६-एस जनुकाचा क्रम बघून, आधी काढा. माझा अंदाज आहे की तुमचा अर्धाअधिक धक्का तिथेच ओसरेल.

तिसरी गोष्ट एमएआर इंडेक्सची, म्हणजे बहुऔषधरोधाच्या निर्देशांकाची. तुम्ही तो काढला आहे आणि मातीचा ०.२ च्या वर आला म्हणून ‘जास्त जोखमीचा स्रोत’ असं लिहिलं आहे. जीवाणू जितक्या औषधांना रोधक आहे त्याला तपासलेल्या औषधांच्या संख्येने भागायचं, एवढाच हा इंडेक्स. क्रम्परमन यांनी १९८३ मध्ये तो मांडला तो अन्नातल्या ई. कोलायसाठी, त्या ई. कोलायचा उगम कुठला याचा अंदाज घेण्यासाठी. वेगवेगळ्या जातींच्या मातीतल्या जीवाणूंना तो लावला की स्वाभाविक रोधामुळेच आकडा फुगतो. जंगलातली एकही कॉलनी कधी औषधाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसेल, तरी ०.२ सहज ओलांडला जाईल. दुर्दैवाने छापून आलेल्या कितीतरी लेखांतही हा आकडा असाच वापरलेला दिसतो. तुम्ही तो काढून टाका.

प्लेटवरची आणखी एक खूण सांगतो, कारण ती तुम्हाला नक्की दिसली असेल. अँपिसिलिन घातलेल्या अगारवर पाण्याचा नमुना पसरला की एक-दोन मोठ्या, भरघोस कॉलन्या येतात. प्लेट तशीच आणखी एक दिवस ठेवली की त्यांच्याभोवती टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक कॉलन्यांचं कडं उमटतं. ते जीवाणू रोधक नसतात. मधल्या कॉलनीने बाहेर सोडलेल्या बीटा-लॅक्टमेजने आसपासचं औषध संपवलेलं असतं, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत साधे, संवेदनशील जीवाणू वर येतात. त्यांना मोजलंत तर रोधकांची संख्या कितीतरी वाढलेली दिसेल. शंका आली तर त्या बारीक कॉलन्या ताज्या अँपिसिलिनच्या प्लेटवर उचलून लावा, वाढणार नाहीत. आणि संख्या मोजण्यापलीकडे, हे कडं नीट बघाच. निसर्गात प्रतिरोध ही एकेकट्या पेशीची मालमत्ता नसते, एकाचा बचाव शेजाऱ्यांनाही मिळतो, हे डोळ्यांनी दाखवणारं याहून सोपं काही मला माहीत नाही.

नदीच्या नमुन्याबाबत माझा सल्ला सरळ आहे : ‘सगळे जीवाणू’ सोडा आणि ई. कोलाय धरा. तो उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातला रहिवासी, त्यामुळे त्याच्यातला रोध बघताना आपण माणूस-जनावरांशी जोडलेली गोष्ट मोजत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ट्रायसायकल पद्धतीत याच कारणासाठी माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण या तिन्हींत विस्तारित (सेफोटॅक्झिमसारखी औषधंही फोडणारं) बीटा-लॅक्टमेज बनवणारा ई. कोलाय मोजतात. सेफोटॅक्झिम घातलेल्या आणि न घातलेल्या अशा दोन प्लेट लावा आणि एकूण ई. कोलायपैकी किती टक्के वाढतात ते द्या. नुसती संख्या देऊ नका, पाऊस पडला की ती वाटेल तशी बदलते. शिवाय शहराच्या वरच्या अंगाचा नमुनाही हवाच. तो नसेल तर ‘शहरामुळे’ हा शब्द तुम्हाला वापरता येणार नाही.

इथे एक बारकावा आहे. नदीत रोधक जनुकं वाढलेली दिसली म्हणजे नदीत औषधाच्या अंशांमुळे निवड होते आहे, म्हणजे रोधक जीवाणू तिथेच वरचढ ठरत आहेत, असं लगेच ठरत नाही. नुसता मैला वाहत आला तरी त्यासोबत आतड्यातले रोधक जीवाणू येतातच. स्वीडन आणि फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये क्रॅसफाज या विषाणूचा मागोवा घेऊन हे तपासलं. क्रॅसफाज माणसाच्या आतड्यातल्या जीवाणूंवर जगतो आणि मैल्याबरोबर पाण्यात येतो, त्यामुळे मैला किती मिसळला याचं तो चांगलं माप आहे. बहुतेक ठिकाणी रोधक जनुकांचं प्रमाण या मापाबरोबर वर-खाली होत होतं, म्हणजे वाढीचं स्पष्टीकरण बव्हंशी मैल्यानेच मिळत होतं. अपवाद ठरला तो प्रतिजैविकांच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने माखलेल्या गाळाचा. तिथे मैल्याच्या मानाने जनुकं फार जास्त होती.

कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो हे २००७ मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या मोजमापांतून जगासमोर आलं. सुमारे ९० औषधनिर्मिती कारखान्यांचं पाणी तिथे येत होतं. प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तात जेवढं असतं त्याहूनही जास्त. रोधाची निवड होऊ नये म्हणून पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन किती असलेलं चालेल, याचा २०१६ मध्ये काढलेला अंदाज आहे लिटरमागे ६४ नॅनोग्रॅम. दोन्हींमधलं अंतर पावणेपाच लाख पटींहून जास्त भरतं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एकक चुकलं असेल असं वाटून पुन्हा तपासला होता. औषध बनवताना बाहेर पडणारं हे पाणी आवरणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, आणि ते न आवरणं हा माझ्या मते सरळसरळ अन्याय आहे. त्याची किंमत त्या पाण्याच्या काठी राहणारे लोक मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकं बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. सतरा वर्षं गेली.

पण एवढं तीव्र पाणीच धोक्याचं आणि विरळ पाणी सुरक्षित, असंही नाही. पूर्वी समज असा होता की जीवाणूची वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेच्या खाली औषध असेल तर निवड होत नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात २०११ मध्ये रोधक आणि संवेदनशील जीवाणू एकत्र वाढवून बघितले. किमान मात्रेच्या चौथ्या हिश्शापासून ते थेट २३० व्या हिश्शापर्यंतच्या मात्रेतही रोधक जीवाणू हळूहळू वरचढ ठरले. संवेदनशील जीवाणू त्या मात्रेत मरत नाही, फक्त किंचित मंदावतो. पिढ्या पुष्कळ गेल्या की तेवढा फरक पुरतो. शिवाय प्रतिजैविक नसतानाही निवड होऊ शकते. पारा, तांबे, जस्त यांना रोध करणारी जनुकं आणि प्रतिजैविकांना रोध करणारी जनुकं अनेकदा एकाच प्लास्मिडवर असतात, त्यामुळे धातूंनी दूषित पाण्यात धातूचं निमित्त होऊन दोन्ही टिकतात.

परतीची वाट, म्हणजे पर्यावरणातून पुन्हा माणसाकडे, ही साखळीतली सिद्ध करायला सगळ्यात अवघड कडी. २०११ मध्ये नवी दिल्लीतल्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. रस्त्याकडेच्या डबक्यांचे आणि झिरपणाऱ्या पाण्याचे १७१ नमुने, नळाच्या पाण्याचे ५०. कार्बापेनेम निकामी करणाऱ्या एनडीएम-१ (यातलं ‘एनडी’ नवी दिल्लीवरून आलेलं) या एन्झाइमचं जनुक डबक्यांच्या ५१ आणि नळाच्या २ नमुन्यांत मिळालं. त्यावेळी नावावरून आणि देशाच्या प्रतिमेवरून मोठा वाद झाला. त्या गदारोळात पाणी आणि मैला वेगळे ठेवण्याचा मूळ मुद्दा मागे पडला याचं मला आजही वाईट वाटतं. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट रोधक जीवाणूंच्या संसर्गामुळे झाले असा अंदाज आहे. त्यातले किती पाण्यातून सुरू झाले हे वेगळं काढता येत नाही, पण शौचालयं, मैला-प्रक्रिया आणि स्वच्छ पाणी यांनी ही परतीची वाट अरुंद होते.

तुमच्या प्रबंधात आता काय बदलायचं ते सांगतो. ‘जंगलातल्या मातीत बहुऔषधरोधक सुपरबग’ हे शीर्षक काढा. असं शीर्षक वर्तमानपत्रात गेलं की लोक मातीला घाबरतात आणि नाल्याकडे दुर्लक्ष करतात. धडधाकट माणसाने मातीत हात घालायला काहीच हरकत नाही. जखम झाकावी, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, एवढं पुरे. शीर्षकात ‘तुलना’ हा शब्द येऊ द्या. पीसीआरची सोय असेल तर दोन्ही नमुन्यांच्या डीएनएत वर्ग-१ इंटेग्रॉनचं इंट-आय-१ हे जनुक बघा आणि १६-एसच्या तुलनेत त्याचं प्रमाण द्या. रोधक जनुकं गोळा करून ठेवणारी ही यंत्रणा मानवी वावराबरोबर वाढते, त्यामुळे जंगल आणि नदी यांतला जो खरा फरक तुमच्या डिस्कना दिसला नाही तो इथे दिसण्याची बरीच शक्यता आहे. सेफोटॅक्झिमवर वाढलेल्या ई. कोलायपैकी काहींची संयुग्मनाची, म्हणजे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे प्लास्मिड जातो का याची, चाचणीही करता येईल : सोडियम अझाइडला रोधक असलेला जे-५३ हा ई. कोलाय ग्राहक म्हणून घ्या, दोघांना रात्रभर एकत्र ठेवा, आणि अझाइड व सेफोटॅक्झिम दोन्ही असलेल्या प्लेटवर पसरा. तिथे ग्राहक वाढला तर रोध खरोखर हलतो हे तुम्ही स्वतः दाखवलेलं असेल. त्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी मात्र घ्या, आणि दाता स्वतः अझाइडवर वाढत नाही ना हे बघा.

प्लेट आणि ब्रॉथ (जीवाणू वाढवलेलं द्रव माध्यम) टाकताना १२१ अंशांवर किमान अर्धा तास दाबाच्या वाफेत ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय एक थेंबही सिंकमध्ये जाता कामा नये. नदीत विरळ असलेला रोधक जीवाणू तुम्ही नळीत अब्जावधींनी वाढवलेला असतो. तो पुन्हा त्याच नाल्यात सोडणं या विषयात काम करणाऱ्याला शोभत नाही. याबाबत प्रयोगशाळेत कोणी कुरकूर केली तरी मागे हटू नका.

राहिली जंगलातली माती. ती तुमच्या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी. नेदरलँड्समध्ये १९४० पासून २००८ पर्यंत वेळोवेळी घेतलेली माती जपून ठेवलेली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिच्यात रोधक जनुकं वाढत गेल्याचं दिसलं, आणि टेट्रासायक्लिनची काही जनुकं तर १९७० च्या दशकाच्या तुलनेत १५ पटींहून जास्त झाली होती. हा बदल कळला, कारण कोणीतरी जुनी माती जपली होती. जनुकं मूळची किती होती हे माहीत असल्याशिवाय ती वाढली असं म्हणता येत नाही, आणि तुमचं जंगल हे ‘मूळचं किती’ सांगणारं ठिकाण आहे. उरलेली माती चाळून, हवेवर कोरडी करून बंद बाटलीत ठेवा, थोडी उणे ८० अंशांवरही ठेवा. बाटलीवर तारीख, अक्षांश-रेखांश, किती खोलीवरून घेतली ते, आणि आधीच्या आठवड्यात पाऊस होता की नाही हे लिहा. वेगळ्या केलेल्या जीवाणूंचे ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवून जपलेले नमुने) करा आणि प्रबंध संपला म्हणून ते फेकू देऊ नका. विभागाच्या संग्रहात नोंद करून द्या.